रशीद मास्टरांचे रजेचे अर्ज

रशीद मास्टरांनी मला कधी नमस्कार केला नाही आणि सलामही केला नाही. समोरून माणूस आला की ते आधी त्याच्या खांद्यांकडे बघायचे, मग कमरेकडे आणि सगळ्यात शेवटी तोंडाकडे. पहिल्यांदा भेटले तेव्हा मी पंचवीस-सव्वीस वर्षांची होते, कन्नडहून नोकरीसाठी शहरात नुकती आलेली आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. हा दाढीवाला माणूस आपल्याला असा न्याहाळतोय म्हणून माझं डोकं सणकलं. मी काही बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, डावा खांदा अर्धा इंच खाली आहे तुमचा. पिशवी उजवीकडं घेत जा." घरी जाऊन आरशात बघितलं, तर खरंच होतं.

ते शिंपी. गल्लीत सगळे मास्टर म्हणायचे म्हणून मीही म्हणू लागले. रोशन गेटकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पोटातल्या एका गल्लीत पालिकेची आमची प्राथमिक शाळा होती आणि तिच्या बरोबर समोर त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक फळी, एक मशीन, एक कोळशाची इस्त्री आणि खिळ्यांना लटकलेले गणवेश. शाळेतल्या निम्म्याहून जास्त पोरांचे कपडे त्यांच्या हातचे. स्कर्टच्या आत ते चांगली चार बोटं कापड दुमडून ठेवायचे, म्हणजे पुढची दोन वर्षं उसवून लांबी वाढवता यायची. आया खूश असायच्या. टेप मात्र त्यांचा फार कडक होता. एखादी आई म्हणाली की जरा ढगळ घ्या मास्टर, की ते टेप तिच्या डोळ्यांपुढे धरायचे आणि म्हणायचे, "नाप खोटं बोलत नाय, ताई. मी पण बोलत नाय."

त्यांच्या मशीनशेजारी स्टुलावर एक मुलगी बसलेली असायची. निळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज, दोन वेण्या, लाल रिबिनी, सगळं आमच्या शाळेचं. शाळेची वेळ, घंटा होऊन गेलेली आणि ही बया इथं बटणांशी खेळतेय. मी नवीन होते, तोरा होता. रस्ता ओलांडून गेले आणि कोणत्या वर्गातली ग तू, शाळा बुडवून इथं काय करतेस, म्हणून तिला खडसावलं. तिनं मान वर केली. चपटा चेहरा, तिरपे बारीक डोळे, जीभ जराशी बाहेर, आणि माझ्याकडे बघून लगेच हसली, जशी काही मी तिचं कौतुकच केलं होतं.

मास्टरांनी मशीन थांबवलं. "ती शाळेत नाय, बाई. तिला कोणी घेत नाय."

तिचं नाव नसीम. वय तेव्हा सात. घाटीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या जन्मानंतर एका कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहून दिलं होतं, तो कागद मास्टर सुयांच्या डब्यात ठेवत. डाऊन सिंड्रोम हा शब्द मला पुष्कळ वर्षांनी नीट कळला. तेव्हा गल्लीत तिला पागल म्हणत आणि आमच्या शिक्षकांच्या खोलीत, आम्ही शिकलेली माणसं, 'तसली' म्हणत असू. मास्टरांनी जवळच्या उर्दू शाळेत दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा पुढच्या वर्षी बघू असं उत्तर मिळालं. आमच्या हेडमास्तरांनी तर ऐकूनही घेतलं नव्हतं. तरी दर जूनला मास्टर तिचा नवा गणवेश शिवायचे. त्यांची बायको जुबेदाभाभी म्हणायची, गेल्या सालचाच होतोय की, ही वाढतीय कुठं. मास्टर टेप लावायचे आणि मोठ्यानं सांगायचे, अर्धा इंच वाढली. मी एकदा शेजारी उभी होते तेव्हा बघितलं, टेपाचं टोक त्यांनी अंगठ्याखाली दाबून पुढे सरकवलं होतं. साऱ्या गल्लीत त्यांचा टेप फक्त या एका पोरीसाठी खोटं बोलायचा.

"माझ्या मशीनवरून तुमच्या वर्गाची खिडकी दिसते," ते मला म्हणाले. "तिला तिथं बसवा. बाकी काय मागत नाय."

मी हेडमास्तरांकडे गेले. ते वाईट नव्हते, निवृत्तीला टेकलेले होते, इतकंच. म्हणाले, बसू द्या, पण पटावर घेऊ नका, पटावर घेतली की तपासणीत उत्तरं द्यावी लागतात. मला हा तोडगा फार आवडला. आपण कोणाचं तरी भलं करतोय आणि त्यात आपलं काही जात नाही, हा आनंद मला तेव्हा पुरेसा होता.

दुसऱ्या दिवशी नसीम खिडकीशी बसली. संध्याकाळी मास्टर दारात आले. पायऱ्यांखाली चपला काढल्या, मशिदीत जाताना काढतात तशा, आणि विचारलं, "नाव लागलं, बाई?"

मी म्हटलं, "लागलंच समजा."

त्यांनी ते लागलं असंच समजलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले असेन, पण इतकं आळशी खोटं दुसरं नाही.

हजेरी घेताना पटावरची शेवटची मुलगी झाली की मी मान वर न करता म्हणायची, "नसीम रशीद शेख." आणि खिडकीतून आवाज यायचा, "हज्जर!" दोन ज देऊन. समोर मास्टरांचं मशीन तेवढ्या वेळापुरतं थांबलेलं असायचं. हे ऐकून झालं की पुन्हा घरघर सुरू व्हायची. काही महिन्यांत वर्गातली चौतीस नावं त्यांना पाठ झाली. गणवेश न्यायला कोणी आलं की ते अनुक्रमांक सांगून ओळखायचे.

त्या पोरीला काय आलं आणि काय नाही हे मला विचारू नका. चार वर्षांत ती 'न' लिहायला शिकली आणि कधीमधी 'स'. आकडे आले नाहीत. पण प्रार्थनेला सगळ्यात आधी डोळे मिटायची ती. तरटाच्या पट्ट्या गुंडाळायला, खडू वाटायला, रडणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसायला तिला सांगावं लागत नसे. ती सगळं इतरांचं बघून करायची. मास्टरांचं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं होतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला तेव्हा एका ट्रस्टचा अशा मुलांसाठी वर्ग होता. जुबेदाभाभीच्या हट्टानं दोघं तो बघून आले. परत आल्यावर भाभी माझ्याकडे आली. तिचं मत साफ होतं. तिथं नसीमवर हसणारं कोणी नव्हतं, आणि तिला तेवढंच हवं होतं. मास्टर म्हणाले, तिथं वीस लेकरं आहेत आणि वीसच्या वीस तिच्यासारखी, मग ती कोणाचं बघून शिकणार? भाभी मशीनवर हात ठेवून म्हणाली, "इस्कूल में इसकू क्या मिलता जी? बैठने की जगा. वो तो मेरे घर में बी है." मास्टरांनी कात्री उचलली. सरळ कापायला घ्यायचं, ही त्यांची भांडण संपवायची पद्धत होती. आज विचार केला की वाटतं, दोघांचंही खरं होतं, आणि मी त्या दोघांच्या मधे एक पट नसलेला वर्ग उघडून बसले होते.

पावसाळ्यात नसीमची छाती भरायची. पहिल्यांदा ती आजारी पडली तेव्हा मी सवयीनं तिचं नाव घेतलं, आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या संगीतानं मैत्रिणीच्या मायेनं ओरडून सांगितलं, "हज्जर!" वर्ग हसला. दोन मिनिटांत मास्टर दारात, हातात दोरा ओवलेली सुई तशीच. संगीताकडे बघून गोड आवाजात म्हणाले, असं नाही करायचं बेटा. मग माझ्याकडे वळले. "आज ती आली नाय. गैरहजर लिहा, बाई. गैरहजर लिहायला पण नाव लागतं ना? माझं तर तेवढं पण नव्हतं."

मी मान डोलावली आणि बंद पटावर पेन टेकवून काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रीतसर रजेचा अर्ज आणला. त्यांना मराठी लिहिता यायचं नाही. गिऱ्हाइकांपैकी जो कोणी त्या वेळी दुकानात उभा असेल त्याच्याकडून ते लिहून घेत. त्यामुळे एक अर्ज पोलिसाच्या अक्षरात, एक नर्सच्या, एक संगीताच्या वडिलांच्या. 'माझी मुलगी नसीम रशीद शेख, इयत्ता पहिली, हिला ताप आल्यामुळे ती वर्गात हजर राहू शकत नाही, तरी रजा मंजूर व्हावी.' खाली उर्दूत त्यांची सही, जपून घातलेल्या टाक्यासारखी. अर्ज देऊन ते जात नसत. मी "मंजूर" म्हणेपर्यंत दारात उभे राहत. मी मंजूर म्हणायची आणि अर्ज टेबलाच्या खणात टाकायची. पटावर नसलेल्या मुलीच्या रजा मी चार वर्षं मंजूर केल्या.

दुसरीच्या वर्षी संगीताची आई आली. करमाडकडच्या शेतकरी घरातली, नवऱ्याला शहरात कारकुनी लागलेली, त्यामुळे लेकीच्या शिक्षणाबद्दल फार हळवी. "बाई, माझी पोरगी घरी जीभ बाहेर काढून बोलाया लागलीय. आम्ही गाव सोडून इथं आलो ते यासाठी व्हय?" मला तिचा राग आला नाही, आजही येत नाही. मी संगीताची जागा बदलली. तीन दिवसांनी पोरगी आपली आपणच खिडकीशी जाऊन बसली. ही तक्रार मास्टरांच्या कानावर गेली होतीच, गल्ली ती केवढी. त्या वर्षी संगीताच्या स्कर्टला त्यांनी चारऐवजी पाच बोटं दुमड ठेवली, एवढंच मी बघितलं.

त्याच वर्षी एकदा मी ब्लाउजसाठी थांबले होते आणि त्यांनी त्यांच्या शाळेची गोष्ट सांगितली. ते दुसरीत होते तेव्हा पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. घाबरून वडिलांनी सगळ्यांना कन्नड तालुक्यातल्या एका नातेवाइकाकडे नेलं. काही महिन्यांनी परत आले तर शाळेत नवा मास्तर, नवं रजिस्टर. "त्यानं सगळं बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, तुझं नाव नाय यात. मी म्हटलं, मी इथंच बसत होतो, या खांबाजवळ. तो म्हणाला, बापाला घेऊन ये. बाप म्हणाला, राहू दे आता, आणि चाचाच्या मशीनवर बसवलं." मग काज करता करता, अगदी साध्या आवाजात, "कोणी मारलं नाय, बाई, हाकललं नाय. फक्त जुन्यातून नव्यात उतरवलं नाय."

हे ऐकल्यावर तरी मी तोंड उघडायला हवं होतं. तेव्हा अजून वेळ होती. हेडमास्तरांशी भांडून नाव लावता आलं असतं. मी ब्लाउज घेतला, छान झालाय म्हटलं आणि घरी आले. सांगायची लाज वाटली, आणि रोज एक दिवस जास्त वाटत गेली.

तिसरीच्या वर्षी तपासणी आली. हेडमास्तरांनी बजावलं, त्या मुलीला उद्या आणू नका. मी मास्टरांना म्हटलं, उद्या तिला घरीच राहू द्या, साहेब येणार आहेत. त्यांना ते उलटंच वाटलं. साहेब येणार म्हणजे तर न्यायलाच हवं. सकाळी नसीम कडक इस्त्रीच्या कपड्यांत, डोक्याला तेल थापून, हजर. साहेबांची जीप गल्लीच्या तोंडाशी आली होती. मी तिला हाताला धरून मागच्या कोठडीत नेलं, जिथं नकाशे आणि फुटके फळे ठेवत, आणि सांगितलं, इथं शहाण्यासारखी बस. ती शहाण्यासारखी बसली. दार लोटून मी बाहेर आले.

साहेबांनी मला हजेरी घ्यायला लावली. मी पटावरची शेवटची मुलगी घेतली आणि पट मिटला. संगीता माझ्याकडे टक लावून बघत होती. आणि कोठडीच्या दाराआडून, कोणी नाव न घेता, आवाज आला, "हज्जर!"

साहेबांनी विचारलं, कोण आहे? हेडमास्तर म्हणाले, शिपायाची मुलगी आहे, खेळते तिथं. मी मिटलेला पट खणात ठेवला. साहेब पुढच्या वर्गात गेले. ती दोन तास तिथं बसून होती, कुरकुर नाही, काही नाही. संध्याकाळी मास्टरांनी विचारलं, आज खिडकीत दिसली नाय ती. मी म्हटलं, तिला नकाशांचं काम दिलं होतं. त्यांचा चेहरा असा फुलला की मला समोर बघवेना. त्या दिवसापासून ते गिऱ्हाइकांना सांगू लागले, नसीमला नकाशाचं काम येतं.

वर्षअखेरीला सगळ्यांना प्रगतिपुस्तक मिळतं. मी वह्यापुस्तकांच्या दुकानातून एक कोरं विकत आणून तिचं भरत असे. वागणूक उत्तम, स्वच्छता उत्तम, चित्रकला बरी. शाळेचा शिक्का अर्थात नव्हता. मास्टरांना शिक्का बघायचं सुचलं नाही. चारही पुस्तकांना त्यांनी गणवेशाच्या निळ्या कापडाची खोळ शिवली होती.

चौथी झाली. पोरं दाखले घेऊन मोठ्या शाळेत गेली. मास्टर म्हणाले, तिचा दाखला तुमच्याकडंच राहू द्या, घरात उंदरं लई झालीत, लागेल तेव्हा नेईन. मला सुटल्यासारखं वाटलं. नसीम पुन्हा स्टुलावर बसू लागली, बटणं आकारानं वेगळी करू लागली. त्या कामात ती कधी चुकली नाही.

तीन वर्षं अशी गेली. मग जुबेदाभाभीला दम्यानं धरलं आणि घरात एकच विषय उरला, आपल्यामागं हिचं काय. त्याच सुमारास सिडकोच्या बाजूला अशा मुलांसाठी एक केंद्र निघालं. काम शिकवायचे आणि शिकलेल्याला तिथंच आयुष्यभर ठेवून घ्यायचे. जागा थोड्या होत्या. अट एकच, मूल चार इयत्ता शाळेत गेलेलं असावं, तसा दाखला हवा. मास्टर या वेळी भाभीशी वाद घालत बसले नाहीत. म्हणाले, "तू म्हणत होतीस तेच करू." त्यांना वाटलं, बरं झालं, आपण पोरीला शाळेत घातलं होतं.

मी वर्गात होते. शिपाई बोलवायला आला. ऑफिसात नवे हेडमास्तर होते, सरळ माणूस. टेबलावर चार वर्षांचे पट उघडे, त्यांचं बोट एकेका नावावरून खाली सरकतंय, आणि समोर मास्टर उभे, वाचता येत नसूनही ते बोट वाचत असलेले. भाभी भिंतीला टेकून खाली बसली होती. नसीम दारात, गणवेशात. चौदा वर्षांची मुलगी, त्याच निळ्या स्कर्टमध्ये.

हेडमास्तर म्हणाले, नाव नाही. मास्टरांनी निळ्या खोळीतली चार प्रगतिपुस्तकं पुढे केली. हेडमास्तरांनी उलटून बघितली आणि म्हणाले, यावर शिक्का नाही. मास्टर माझ्याकडे वळले. अजूनही त्यांच्या तोंडावर काळजी नव्हती. बाई आल्या, आता होईल सगळं, असाच चेहरा.

मी सांगितलं. मला नीट आठवतंय, मी फार हळू बोलले, तरी भाभीला ऐकू गेलं. नाव कधी लावलंच नव्हतं. ती नुसती बसायची.

मास्टरांनी माझ्याकडे बघितलं, या वेळी खांद्यांकडे नाही, थेट तोंडाकडे. "मग चार वर्षं ती कुठं जात होती, बाई?"

त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोसलं असतं. ते खरंच विचारत होते. हेडमास्तरांना मी विनवलं, आता मागच्या तारखेनं लावता येईल का. ते म्हणाले, खोटी नोंद मी करणार नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. निघताना भाभीनं नसीमचा हात धरला आणि मला म्हणाली, "आपने बुरा नै चाहा होगा. पर बोलना था ना, बाई. हम दूसरी जगा डाल देते थे ना."

माझ्या खणात सदतीस रजेचे अर्ज होते. ते घेऊन मी केंद्रात गेले. ही मुलगी शाळेत येत होती याचा पुरावा म्हणून मी ते टेबलावर मांडले. तिथल्या बाईंनी दोनचार वाचले. म्हणाल्या, प्रत्येक अर्जाचं अक्षर वेगळं आहे, आणि हे तर ती गैरहजर असल्याचे कागद आहेत. मी रागानं काहीबाही बोलले. जागा आठवड्याभरात भरल्या. पुढच्या वर्षी अट तीच होती आणि तोवर जुबेदाभाभी गेलेली होती.

माझं एक ब्लाउजपीस तेव्हा मास्टरांकडे शिवायला पडलेलं होतं. ते त्यांनी संगीताच्या हाती परत पाठवलं. न कापलेलं, इस्त्री करून नीट घडी घातलेलं. त्या माणसानं कधी कोणाचं कापड परत केलेलं मी ऐकलं नव्हतं. मी बदली मागून घेतली आणि पुढे पंचवीस वर्षं त्या गल्लीवरून जायचं टाळलं. शहागंजला जायचं असलं तरी लांबचा वळसा घ्यायची. अर्ज तेवढे टाकवले नाहीत, घर बदललं तेव्हाही बरोबर आणले.

मी निवृत्त झाल्यानंतर एका लग्नात संगीता भेटली. तिची मुलं कॉलेजात. ती अजून अधूनमधून मास्टरांकडे डबा नेते म्हणाली. नसीम चाळिशीची झालीय, पण सहा महिन्यांपासून तिचं काहीतरी हरवलंय. चमचा कसा धरायचा तेही विसरते. डॉक्टर म्हणतात, अशा मुलांना म्हातारपण लवकर गाठतं. मग म्हणाली, "बाई, मास्टर तुमचं नाव काढतात. राग म्हणून नाही."

मी अर्जांची पिशवी घेऊन गेले. का नेली ते सांगता येणार नाही. परत द्यावी असं काहीतरी मनात असेल.

दुकान बंद झालं होतं, मशीन दुकानामागच्या घरातल्या पुढच्या खोलीत आलं होतं. दाढी पांढरी, पाठ वाकलेली, टेप मात्र गळ्यात. माझ्याकडे बघून त्यांनी सवयीनं खांदे बघितले आणि म्हणाले, दोन्ही खाली आले आता. कॉटवर नसीम बसली होती. इवलीशी, केस पिकलेले, डोळे माझ्यावर आणि माझ्यापलीकडे. अंगात निळा कुडता होता, पांढऱ्या कॉलरचा. ती हसली नाही. मला बघून ती हसली नाही असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

मास्टरांनी मला सगळं सांगितलं, कसलाही ठपका न ठेवता. त्या दिवसानंतर त्यांनी स्वतःच हजेरी सुरू केली होती. रोज अकरा वाजता, शाळेची घंटा झाली की, मशीन थांबवून. चौतीस नावं ओळीनं आणि शेवटी नसीम. रोज ती हज्जर म्हणायची. भाभी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा म्हणाली. रमजान संपल्यापासून म्हणत नाही.

"माझा आवाज तिला जुना झाला असंल," ते म्हणाले. "तुम्ही पुकारा."

मी उभी राहिले. बसून हजेरी घ्यायची मला कधी सवय नव्हती. पहिली दहाबारा नावं आली, मग अडखळले. जिथं अडले तिथं मास्टर हळूच पुढचं नाव सांगत गेले. समोरच्या शाळेतून पोरांचा गलका येत होता. चौतीस झाली.

"नसीम रशीद शेख."

ती भिंतीकडे बघत होती. मास्टरांनी तिच्या हनुवटीला बोट लावून तिचा चेहरा माझ्याकडे वळवला. मी पुन्हा नाव घेतलं, वर्गात घ्यायची तसं, मोठ्यानं. तिच्या ओठांशी जीभ आली, थोडा वेळ राहिली आणि आत गेली. मला वाटलं, मास्टर तिच्या वतीनं म्हणतील. एका शब्दाचं तर काम होतं, आणि खोलीत आम्ही तिघंच होतो.

त्यांनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि माझ्याकडे बघितलं.

"आज गैरहजर लिहा, बाई."

मी पर्समधून पेन काढलं. ते वाट बघत उभे राहिले, मंजूर ऐकायला दारात उभे राहायचे तसेच. तिच्यासाठी पट तेव्हाही नव्हता, आताही नव्हता. मी पिशवीतला सगळ्यात वरचा अर्ज काढला, उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर, हजेरीसाठी पहिल्यांदा, तिचं पूर्ण नाव लिहिलं.